फेब्रुवारीत पलूसला या

ओळखीतलं कुणी ना कुणी दर हिवाळ्यात फोन करतं, "वाईन टूरला नाशिकला निघालोय, काय काय बघू?" मी सगळं नीट सांगते. तिकडच्या एका वायनरीची टेस्टिंग रूम मी बरीच वर्षं सांभाळली आहे, त्यामुळे तिथले रस्ते, हंगाम, गर्दीचे वार पाठ आहेत. पण फोन ठेवायच्या आधी आग्रह करतेच की एखाद्या वर्षी आमच्या सांगली जिल्ह्यात या. पलूस, तासगाव, हरिपूर, मिरज. आणि फेब्रुवारीतच या.

मी मिरजेची, आजोळ पलूसजवळचं. आता परत मिरजेतच राहते आणि हंगामात चार-सहा जणांना घेऊन या भागात फिरते. येणाऱ्यांना पहिल्याच फोनवर माझा क्रम सांगून ठेवते: आधी वेलीवरचं द्राक्ष खायचं, मग बेदाण्याची शेड बघायची, मग पोटभर जेवायचं आणि वाईन सगळ्यात शेवटी. काहींना हे पटत नाही, त्यांना आल्या आल्या ग्लास हवा असतो. पण द्राक्ष ज्यांच्या घरादाराचं पोट चालवतं त्या माणसांना भेटल्याशिवाय ती वाईन प्यायली, तर ती कुठल्याही शहरातल्या हॉटेलात प्यायल्यासारखीच होते. मग एवढ्या लांब यायचं कशाला?

सकाळी सातच्या आत मळ्यात पोचायचं. त्या वेळी हवेत गारवा असतो आणि घडांवर दव. वाईनच्या द्राक्षांची तोड शक्यतो भल्या सकाळीच करतात, कारण ऊन चढलं की मणी तापतो आणि तापलेला माल वायनरीत पोचेपर्यंत आपोआप आंबायला लागतो. युरोपात वेली थंडीत झोपतात, त्यांची छाटणी वर्षातून एकदा. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या: उन्हाळ्यात एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना ऑक्टोबरची फळछाटणी. पीक मात्र एकच घ्यायचं. फ्रान्समध्ये द्राक्षतोड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, त्या सुमाराला आमच्याकडे कात्री लागून नवी फूट निघत असते. आमची तोड साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत चालते.

मामांचा बहुतेक मळा खायच्या द्राक्षाचा आहे. थॉम्पसन आणि तास-ए-गणेश. ही दुसरी जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावची. थॉम्पसनच्याच वेलीत निसर्गतः फरक पडला, तो शेतकऱ्याच्या नजरेनं टिपला आणि जपला. बांधाकडेला एकरभर शेनिन ब्लाँ आहे, ती वाईनची. मी पाहुण्यांना आधी थॉम्पसनचा घड देते. लांब, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी, दाताखाली कुर्रकन फुटतो, गोड. मग शेनिनचा घड. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पहिल्यांदा खाणारे तोंड वाकडं करतात. मामा तिथेच उभे असतात. "खावा, खावा, थुकू नका लगेच. साल चघळा जरा," म्हणतात.

आता जे सांगते ते मला स्वतःला फार प्रिय आहे. मामा मणी तोंडात टाकतात, रस गिळतात आणि बी तळहातावर काढून बघतात. "गोड लागलं म्हंजी पिकलं न्हवं पोरी. बी बघावं. हिरवट असली की अजून आठ-धा दिस थांबायचं." बी तपकिरी झाली, चावल्यावर बदामासारखी कटकन तुटली आणि तिचा तुरटपणा मवाळ झाला की माल तयार. वायनरीचा माणूस खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढतो, काचेवर थेंब टाकतो आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, वाचतो. खायच्या द्राक्षाला अठराच्या आसपास साखर पुरते, वाईनच्याला बावीस ते चोवीस लागते. मामा आधी आकडा सांगतात आणि यंत्र त्याच्या जवळपासच दाखवतं. मामा माळकरी आहेत. आषाढीला पायी वारी करतात, वाईनचा थेंब त्यांनी कधी चाखलेला नाही आणि चाखणारही नाहीत. तरी शेनिन केव्हा तोडायची हे ठरवणारी जीभ त्यांचीच.

म्हणूनच त्यांच्या घरी मी बाटली कधी उघडत नाही. ही अट येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगितलेली असते. आजवर कुणी कुरकुर केली नाही, उलट बऱ्याच जणांना मामांशी बोलताना ती अट आपोआप समजते.

पलूसला वाईन आली कशी, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि दोन ठिकाणी वाईन पार्क काढले, एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि दुसरं आमच्या पलूसला. त्या काळात इकडे शिराझ, कॅबरने, शेनिन ही वाईनच्या द्राक्षांची नावं पारावरच्या गप्पांत आली होती. मामांनीही शिराझ लावली होती. पुढे 2008 नंतर मंदीत वाईनचा खप पडला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि ज्यांच्याकडे वाईनचा माल होता त्या बागायतदारांचे हात पोळले. मामांनी शिराझवर थॉम्पसनचे डोळे भरले, म्हणजे कलम केलं, फक्त शेनिन ठेवली. नाशिकला मुंबई जवळ आणि शिर्डी-त्र्यंबकला येणारे लोक दारात, त्यामुळे तिथे पर्यटनाचा हात मिळाला. पलूसला तो मिळाला नाही. मला याची खंत आहे आणि मी या फेऱ्या काढते त्यामागे ती खंतच आहे. या मातीत कमी नाही. कृष्णाकाठची काळी जमीन सोडून जरा वरच्या अंगाला, माळाच्या मुरमाड रानात गेलं की वाईनला हवा तसा कमी पण दाट रसाचा माल येतो.

मळ्यावरून तासगावकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या-पांढऱ्या जाळ्यांच्या लांबलचक शेड दिसायला लागतात. या बेदाण्याच्या शेड. गाडी थांबवून आत जायला कुणी नको म्हणत नाही, फक्त विचारून जावं आणि कामाच्या वाटेत उभं राहू नये. तोडून आणलेले घड आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात थोडा वेळ बुडवतात. त्यानं मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग रॅकवर, एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर घड पसरतात. ऊन थेट लागू द्यायचं नाही, वारा मात्र आरपार गेला पाहिजे. बारा-पंधरा दिवसांत चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो. पहिल्या दिवशीचा रॅक आणि दहाव्या दिवशीचा रॅक शेजारी शेजारी असतील तर दोन्हींखाली उभं राहून वास घ्या. पहिल्याला ओल्या गवताचा वास येतो, दुसऱ्याला काकवीचा. वाईनच्या टेस्टिंगमध्ये लोकांना "सुक्या फळांचा गंध" म्हणून जे शिकवतात, ते इथे उभ्या उभ्या कळतं.

शेडवरच्या बायका बोलायला मोकळ्या असतात, पण आभाळ आलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. मार्चमधला एक अवकाळी पाऊस आणि रॅकवरचा माल काळा पडतो. ज्या दिवशी ढग असतील त्या दिवशी मी पाहुण्यांना फोटो काढू देत नाही.

जमलं तर सौदे बघावेत. सांगलीच्या आणि तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात आणि सांगलीच्या बेदाण्याला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. हिरवा, पिवळा, काळा असे ढीग, प्रत्येकासमोर उघडलेला नमुना, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकत जातो. मूठ भरून घ्यायची, दाबून बघायची, दोन दाणे तोंडात टाकायचे, भाव बोलायचा. एक गोष्ट मात्र डोळ्यांना खुपते. बघून झालेली मूठ परत ढिगात न टाकता तशीच उधळली जाते आणि संध्याकाळपर्यंत पायाखाली बेदाण्याचा चिकट थर होतो. शेडवरच्या बाईनं काडीकाडी निवडलेला दाणा असतो तो. शेतकरी याबद्दल अनेकदा बोललेत, बोलायलाच हवं.

तासगावला आलोच आहोत तर गणपतीचं देऊळ चुकवू नका. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं हे देऊळ, दारावर दक्षिणेकडच्या देवळांसारखं उंच गोपूर. ऋषिपंचमीला इथला रथ निघतो आणि माणसं दोरांनी ओढतात.

आता जेवण. इथे मी घाई करू देत नाही.

मामींच्या स्वयंपाकघरात चूल अजून रोज पेटते. ज्वारीच्या भाकरी, भरलं वांगं, खरडा, दही, शेंगांची चटणी, कांदा. वांगी कृष्णाकाठची, पातळ सालीची, बिया कमी. ती लोण्यासारखी शिजतात. मसाला म्हणजे आमची कांदा-लसणाची चटणी, जी मार्च-एप्रिलच्या उन्हात वर्षभरासाठी करून ठेवतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, वाळवून तळलेला कांदा, आणि सगळं डंकावर कांडून आणायचं. उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाला डंक चालू असला की आख्खी गल्ली शिंकते. "भाकरी गार व्हायच्या आत खावा की," मामी दर दोन मिनिटांनी म्हणतात आणि ताटात न विचारता दुसरी भाकरी पडते. शेवटी खपली गव्हाची खीर, गूळ घातलेली. कर्नाटक जवळ असल्यानं मिरज-शिरोळकडे हिला हुग्गीही म्हणतात.

या जेवणाचा डबा बांधून आम्ही जवळच्या एका छोट्या वायनरीत जातो. तिथले लोक ओळखीचे आहेत, बाहेरचं खाणं आणू देतात. टेस्टिंग रूममध्ये काम करताना मला एका गोष्टीचा फार त्रास व्हायचा. वाईनबरोबर कायम चीज, ऑलिव्ह, बिस्किटं. आपल्या तिखट जेवणाबरोबर वाईन चालतच नाही, असं येणारे बिनधास्त म्हणायचे आणि आम्हीही मान डोलवायचो. ते खरं नाही. तिखटाबरोबर कुठली वाईन चालत नाही ते ठाऊक असावं, एवढंच.

मिरचीची आग अल्कोहोलनं वाढते आणि लाल वाईनमधल्या टॅनिनच्या तुरटपणानं तोंड आणखी कोरडं पडतं. म्हणून खरड्याबरोबर जोरकस कॅबरने घेतली तर जीभ भाजते, आणि वाईनही कडू लागते. त्याच खरड्याबरोबर किंचित गोडी राखलेली, गार शेनिन ब्लाँ घ्या. ती साखर आग शमवते, आंबटपणा तोंड स्वच्छ करतो आणि पुढच्या घासाला हात आपोआप जातो. दही-खरड्याबरोबर सॉव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाईनही छान, कारण तिच्यात मुळातच हिरव्या मिरचीसारखा, गवतासारखा वास असतो. भरल्या वांग्याला मात्र शिराझ. मसाल्यातलं भाजकं खोबरं, तीळ आणि शिराझचा मिरीसारखा झणका एकमेकांना ओळखतात. आणि इस्लामपूरकडचा अख्खा मसूर, तो धाब्यावरचा दाट, लसणीचा, रोटीबरोबर खातात तो, त्याच्याबरोबर झिनफँडेल ही लाल वाईन घेऊन बघा. मी बऱ्याच ताटांबरोबर बऱ्याच वाईन लावून बघितल्यात, या जोडीवर मी पैज लावते.

आणखी एक. लाल वाईन "खोलीच्या तापमानाला" द्यावी हा नियम थंड देशांतला. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची. फेब्रुवारी सरता सरता सांगलीत दुपारी तिशीच्या वर पारा जातो, मार्चमध्ये पस्तिशीच्याही. लाल वाईनसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून काढा. कोमट शिराझ पिऊन "मला लाल आवडत नाही" म्हणणारे कितीतरी लोक मी अर्ध्या तासाच्या गारव्यानं बदललेले बघितलेत.

संध्याकाळी हातात भडंगाचा पुडा. सांगलीचं भडंग म्हणजे लसूण, लाल चटणी आणि शेंगदाण्यांत माखलेले कुरमुरे. शेनिनचा शेवटचा घोट मी नेहमी भडंगाबरोबर द्यायला सांगते.

दुसरा दिवस हळदीचा. सांगलीच्या हळदीला 2018 साली मानांकन मिळालं आणि बाजारात राजापुरी हळदीचे सौदे याच मोसमात जोरात असतात. हवेतच हळद असते, शर्टाची कॉलर पिवळी होते. तिथून हरिपूरला जावं. कृष्णा आणि वारणा तिथे मिळतात, संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. हरिपूरची पेवं एके काळी देशभर प्रसिद्ध होती. जमिनीत खोल खणलेली, वर निमुळत्या तोंडाची, पोटात पोत्यांनी हळद मावेल अशी. इथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. सांगलीनं 1843 साली विष्णुदास भाव्यांचं पहिलं मराठी नाटक बघितलं, म्हणून तिला नाट्यपंढरी म्हणतात. पण माझे पाहुणे संगमावरच्या पायऱ्यांवर बसले की मी ही माहिती एका वाक्यात उरकते आणि त्यांना नदी बघू देते.

मिरजेत मात्र मी परत रेंगाळते. सतारमेकरांच्या दुकानांत लाकडाचा भुसा, लाखेचा वास आणि छताला टांगलेले सुके भोपळे. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात आणि चांगला, गोल, जाड सालीचा भोपळा मिळणं हे कारागिराच्या निम्म्या यशाचं काम. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. राजांची युद्धं संपली तसे त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली मानांकन मिळालं. एक कारागीर पाहुण्यांना तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावून दाखवतात. हाडाच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत नेतात, आणि एका ठरावीक जागी ती तार अचानक भरून गुंजायला लागते. त्या क्षणी दुकानातलं कुणी बोलत नाही.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि 1937 साली गेल्यावर इथेच मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. उरुसात तिथे चिंचेखाली रात्रभर गाणं चालतं. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. मोठे कलाकार हजेरी लावायला येतात आणि सतरंजीवर बसलेल्या मंडईतल्या माणसाची दाद घेऊन जातात. वाईनबरोबर संगीत ठेवलेले महोत्सव मी जवळून बघितलेत, त्यातले काही चांगलेही होते. पण गाणं ऐकायचं तर इथे, आणि न पिता. उरुसाच्या रात्री कुणी वाईनबद्दल विचारलं तर मी सरळ नाही म्हणते.

येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी आणि भिलवडी ही पलूसजवळची स्टेशनं, तिथे उतरलं की अर्धा वेळ वाचतो. स्वतःची गाडी असेल तर वाईनच्या दिवशी ड्रायव्हर घ्याच, यावर माझ्याशी वाद घालू नका. वाटेत देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरचं अभयारण्य आहे, वरून कृष्णेचं आख्खं खोरं दिसतं, ऊस कुठे संपतो आणि द्राक्ष कुठे सुरू होतं ते एका नजरेत कळतं. मिरजेहून नृसिंहवाडी जवळ, तिथली कवठाची बर्फी आणि बासुंदी घ्या. बेदाणा घेताना फार लखलखीत पिवळा बघून भुलू नका, तो गंधकाची धुरी देऊन चमकवलेला असतो. मळकट हिरवा, हाताला किंचित चिकट लागणारा घ्या. आणि तारखा दिवाळीत ठरवू नका. फळछाटणी कधी झाली त्यावर तोड ठरते, मधे पाऊस लांबला तर तीही पुढे जाते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मामा मळ्यात फिरून सांगतात की माल कधी येणार. त्यानंतर फोन करा, मी तारीख सांगते.